एका डब्यावर दोन घरं

अस्मिताने भिंतीवर दोन थापा मारल्या. काही झालं नाही. मग तिने लाटणंच उचललं आणि पुन्हा दोनदा ठोकलं. टीव्हीवर कार्टूनमधलं अस्वल आपलं उड्या मारतंच होतं.

"आबा झोपले वाटतं," विक्रांत म्हणाला.

"आठ वाजता? आज थोरल्या सुनेचं भांडं फुटणार होतं हो! आठवडाभर वाट बघतेय मी!"

चॅनल बदललं ते साडेआठला. तोवर मालिका संपून नावं सरकत होती. अस्मिता असली चिडली की त्या दिवशीच्या पोळ्याही करपल्या.

सोनिवलीच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एकात विक्रांत, अस्मिता आणि पाच वर्षांची माया. दुसऱ्यात आबा, म्हणजे अंबरनाथच्या कंपनीतून रिटायर झालेले धोंडिबा. दोन वर्षांपूर्वी, २००६ साली, केबल सोडून डिशची छत्री घ्यायची ठरली तेव्हा आबांच्या बायकोने, रखमाआईने, शक्कल काढली. छत्री एकच घ्यायची, महिन्याचे पैसे निम्मे-निम्मे. छत्रीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, आबांकडे, त्यातून एक वायर आबांच्या टीव्हीला, दुसरी खिडकीतून विक्रांतच्या टीव्हीला.

पण त्या डब्याची एक खोड होती. टीव्ही दोन असले तरी दोन्हीकडे चॅनल एकच लागायचं. आणि रिमोट आबांच्या हातात. मग रखमाआईनेच थापा ठरवल्या. एक थाप म्हणजे मायाचं कार्टून, दोन म्हणजे अस्मिताची मालिका, तीन म्हणजे विक्रांतची मॅच. ती होती तेव्हा सगळी गंमतच होती. तिला जाऊन आता वर्ष झालं होतं. थापा तेवढ्या राहिल्या.

आबांनी कधी नाही म्हटलं नाही, हे अस्मिताही कबूल करायची. पण सकाळी पाणी भरताना पॅसेजमध्ये गाठायचे आणि विचारायचे, "काय गं, काल त्या थोरल्या सुनेचं काय झालं?"

"अहो आबा, तुमच्याकडे पण तेच लागलं होतं ना?"

"लागलं होतं गं. पण तू सांगितलंस की नीट कळतं."

असं रोज. मॅच झाली की विक्रांतला विचारायचे, कोण जिंकलं. "डुलकी लागते त्यांना, वय झालं," विक्रांत म्हणायचा. भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज तर कधीच यायचा नाही. "आवाजाचीसुद्धा काटकसर करतात तुमचे आबा," अस्मिता म्हणायची. महिन्याचे पैसेही ते दारात उभ्या-उभ्याच घ्यायचे. आत ये म्हणायचे नाहीत. पसारा आहे म्हणायचे.

त्यात छत्रीच्या कंपनीने पॅकचे पैसे वाढवले. अस्मिताला निमित्तच मिळालं.

"बास झालं. स्वतःच्या घरात टीव्ही बघायला भिंत ठोकायची? फुकटवाली छत्री आणा."

"तिच्यावर तुझी मालिका नाही लागणार."

"नाही तर नाही! दूरदर्शन बघेन. रिमोट तर माझ्या हातात येईल."

"आबांना काय वाटेल? आपणच आहोत गं त्यांना. आणि पेन्शनमधून अख्खा पॅक कसा परवडणार?"

"त्यांनी पण फुकटची घ्यावी. मी सांगते त्यांना."

शनिवारी विक्रांत उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पाच्या बाजारात गेला. दुकानदाराने खोका पुढे सरकवला. "एक बार पैसा डालो साईं, फिर लाइफटाइम फ्री. बिल का झंझट ही नहीं."

खोका घरी आला. माया त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "मग मी आबांना थाप कशी मारू?"

"मारायचीच नाही आता," अस्मिता म्हणाली. मायाने खोक्याला लाथ मारली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

संध्याकाळी आठला पाच कमी असताना अस्मिता वाटीत शिरा घेऊन आबांच्या दारात उभी राहिली. सांगायचं कसं, हे तिने पॅसेजमध्ये उभं राहून दोनदा घोकलं होतं.

"जयभीम आबा."

"जयभीम, जयभीम." आबांनी दार अर्धंच उघडलं. "अगं, परवा दवाखान्यात नंबरच लागेना. पळत आलो तरी साडेआठ झाले. तुझी मालिका बुडाली ना?"

"असू दे हो." तिला स्वतःची लाज वाटली, पण आता थांबले तर राहूनच जाईल म्हणून ती बोलून मोकळी झाली. "आबा, आम्ही ती फुकटची छत्री घेतलीय. उद्या लावतील. तुम्ही पण घ्या, हे लावून देतील तुम्हाला. तुमचे पैसे वाचतील."

आबा म्हणाले, "बरं केलंत. पोरीच्या शाळेला होतील पैसे." मग विचारलं, "उद्यापासून ना? आज नाही?"

"उद्यापासून."

तेवढ्यात भिंतीवर थापा पडल्या. दोन. मायाच्या हातच्या, बारक्या.

"आलो गं, आलो!" आबा लगबगीने आत वळले. दार उघडंच राहिलं. वाटी ठेवायला म्हणून अस्मिता मागोमाग गेली. वर्षभरात ती पहिल्यांदाच आत येत होती.

पसारा कसला नव्हताच. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. स्टुलावर डबा, शेजारी कागदावर आबांच्या मोठ्या अक्षरात तीन नावं आणि त्यांच्यापुढे चॅनलचे आकडे: माया, अस्मिता, विक्रांत. आबांनी कागद बघून बटणं दाबली, डब्यावर हिरवा आकडा उमटला. मग खुर्ची ओढून ते भिंतीला कान लावून बसले. पलीकडे तिच्या घरात मालिकेचं गाणं सुरू झालं आणि माया हसली. आबाही हसले.

अस्मिताने शोकेसकडे पाहिलं. टीव्हीच्या जागी रखमाआईचा फोटो होता. डब्यातून एकच वायर निघाली होती, आणि ती खिडकीतून तिच्या घरी जात होती.