बिनकानाचे कप

“घ्या मामा. कान कापलेले कप,” म्हणत भाचीने फळी मामांच्या टेबलावर आदळली.

फळीवर भट्टीतून कालच निघालेले पांढरे कप ओळीने बसले होते. एकालाही कान नव्हता. गिऱ्हाइकाला तसेच हवे होते. कच्च्या कपांना कान चिकटवणं हे भाचीचं काम. ते बंद पडल्यामुळे ती सकाळपासून फळ्या वाहत होती आणि वाटेत भेटेल त्याला टोमणे मारत होती.

मामांचं काम कप वाजवून पाहण्याचं. भाजलेला कप डाव्या हाताच्या बोटात कानाने अडकवायचा आणि लाकडी दांडीने काठावर हलका टोला द्यायचा. धड कप ‘टिंग’ करून घुमतो. केसाएवढी जरी चीर असली, तरी तो ‘थड’ करून गप्प होतो. अशा कपात चहा ओतला, तर तो कुणाच्या तरी मांडीवर फुटायचा. “मामांचा कान म्हणजे कान,” असं मुकादम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मामांच्या आधी इथे बसणाऱ्या माणसाला ऐकू येईनासं झालं, तेव्हा याच मुकादमाने त्याला खोकी भरायला धाडलं होतं. तिथून तो लवकरच घरी बसला.

मामांनी पहिला कप तळहातावर घेतला आणि टोला दिला.

काहीच कळलं नाही.

तसे कप मामांच्या कानाशी बोलेनासे झाले, त्याला बरेच दिवस झाले होते. ते बोलायचे मामांच्या बोटाशी. टोला पडला की कपाच्या कानातून बोटात मुंगी चालल्यासारखी थरथर यायची. मुंगी आली तर कप धड, नाही आली तर फुटका. ही गोष्ट त्यांनी कुणाच्याच कानावर घातली नव्हती, मामींच्याही नाही. आता कानच नव्हता, आणि कपाच्या बुडातून तळहातात मुंगी येत नव्हती.

सवयीने हात चालत राहिला. पहिला कप उजवीकडे, धड कपांत गेला. दुसराही गेला. तिसराही.

“मामा, हा थड वाजला.”

मामांनी चौथा उचलला.

भाची त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिने तिसरा कप उचलला आणि नखाने वाजवला, मग पुन्हा वाजवला. मामा तिच्या ओठांकडे पाहत होते.

“काय म्हणालीस?”

भाचीच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळा कारखाना म्हणायचा. पण तिने आधी दाराशी उभ्या मुकादमाकडे पाहिलं, मग तो कप गुपचूप डावीकडे ठेवला. खाली वाकून, ओठ नीट हलवत ती म्हणाली, “मी इथेच उभी राहते. फुटका वाजला की पायावर पाय देते. या कानाचं त्या कानाला कळणार नाही.”

मामांना ते क्षणभर फार बरं वाटलं.

“तू कधी आजारी पडलीस तर?”

“नाही पडत.”

“कान लावायचं काम पुन्हा निघालं तर?”

मामा बाकावर थोडे सरकले. “बस इथे. ही धर दांडी. कप तळहातावर नाही घ्यायचा, बोटांच्या टोकांवर तोलायचा. आता मार. हळू. कुणाला उठवायचं नाहीये.”

तिला बसलेली पाहून मुकादम आलाच. “हे काय नवीन?”

“मला ऐकू येत नाही,” मामा म्हणाले. “हिला येतं.”

मुकादम हसला. हसणारा तो एकटाच आहे हे लक्षात आल्यावर थांबला. “मग इतके दिवस काय अंदाजपंचे चाललं होतं?”

मामांनी मागच्या मांडणीवरून कानाचा एक जुना कप काढला आणि मुकादमाच्या बोटात अडकवला. “कान बंद करा.”

“एकाच हाताने दोन्ही?”

भाची उठली आणि फळ्या वाहून मळलेले दोन्ही हात तिने मुकादमाच्या कानांवर दाबून धरले. मामांनी टोला दिला. मुकादम बोटाकडे बघत राहिला.

“पुन्हा मारा,” तो गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला.

मामांनी पुन्हा मारला.

मुकादमाने बोटातला कप काढून ठेवला आणि रुमालाने कान पुसले. “आजचा माल जाऊ दे,” तो म्हणाला. “मग बघू.” आणि दाराकडे गेला.

भाची कामाला बसली. टोला द्यायची, मान एका बाजूला कलती करायची, कप ठेवायची. डावीकडे ठेवायचा असला की आधी मामांना दाखवायची, मग ते त्यातली चीर उजेडात धरून शोधायचे.

“मागे कितीदा म्हटलं, मला हे शिकवा,” मध्येच त्यांच्याकडे तोंड करून ती म्हणाली. “तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. मला वाटलं, मामांना भाची नकोशी झाली.”

“कुठून म्हणायचीस?”

“माझ्या जागेवरून. आणखी कुठून?”

मामांनी वळून पाहिलं. तिची जागा त्यांच्या पाठीमागे होती, भिंतीशी. चिकटवायच्या मातीचं भांडं अजून तिथेच होतं.

ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. भाचीला काहीतरी विचारायचं होतं. “मामा,” ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने दांडी उलटी धरून टेबलावर दोनदा ठोकली.

टेबलावर टेकलेल्या मामांच्या तळहातात मुंगी चालली.

“बोल,” वळून ते म्हणाले.