मिस्त्रीच्या दारातली गाडी

"बॅटरी असेल," मिस्त्री म्हणाला आणि त्याने बॉनेटखाली डोकं खुपसलं. तोंड लपवायला त्याहून बरी जागा नव्हती.

जावई स्टिअरिंगवर बसला होता. किल्ली फिरवली की स्टार्टर घुरघुरायचा, पण इंजिन काही पकडत नव्हतं. थंडी अशी की पाना हाताला चिकटत होता. मुलीची बॅग मागच्या सीटवर ठेवून झाली होती. मुलगी पायरीवर उभी होती, निळी शाल घट्ट लपेटून, तिचं टोक मुठीत धरून.

समोरच्या गॅलरीतून शेजाऱ्याने हाक मारली, "काय मिस्त्री, तुमच्याच दारात गाडी बंद? मग आम्ही कुठे जायचं?"

मिस्त्री कसनुसं हसला. गल्लीतली एकेक गाडी त्याच्या हाताखालून गेलेली. पण त्याची मान खाली गेली ती त्या टोमण्याने नव्हे. इंजिनाच्या हीटरला वीज पोचवणारा रिले त्याच्याच स्वेटरच्या खिशात होता.

सकाळी दूध आणायला जाताना त्याने तो उपटला होता. थंडीत डिझेल इंजिनाला आधी ऊब द्यावी लागते. हीटर तापले नाहीत तर ते पेटायचं नाव घेत नाही. बॉनेटही आयतंच अर्धवट लागलेलं मिळालं. जावयाने घाईत ऑइल बघितलं असेल, असं त्याला वाटलं. गाडी निघाली नाही तर लेक आजचा दिवस राहील, एवढाच त्याचा डाव. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं.

उपटताना गंमत वाटली होती. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला फसवलं नाही, आणि म्हातारपणी जावयाच्या गाडीत चोरी!

जावई खाली उतरला. गळ्यातला मफलर काढून त्याने सासऱ्याच्या गळ्यात घातला. "बाबा, तुम्ही आत जा. गारठाल. मी बोलावतो कुणालातरी."

"कुणाला बोलावता? मी मेलोय का?"

"तसं नाही हो. पण आज पोचायलाच हवं. हिलाही आपल्या घराशिवाय करमत नाही. काय गं?"

"हो," मुलगी म्हणाली.

मिस्त्री आणखीच खजील झाला. पोरीला तिच्या घराची ओढ, आणि बाप हा असा.

एवढ्यात मुलीचा फोन वाजला, जावयाच्या खिशात. "हिची मैत्रीण," म्हणून त्याने तो बंद केला. किती सांभाळतो पोरीला, मिस्त्रीला वाटलं. त्याला अधिकच लाज वाटली.

सोंग घेतलंच होतं, ते निभवायला हवं होतं. त्याने बॅटरीची केबल सोडली. मुलगी पुढे आली, बापाच्या खांद्यावरची चिंधी ओढली आणि सुटलेल्या टोकाला गुंडाळून गाठ मारली. गॅरेजचा नियमच होता तो. सुटलेलं टोक उघडं ठेवायचं नाही, कुठे टेकलं तर ठिणगी उडते. नियम मोडणाऱ्याचा कान पिळला जायचा. शाळा सुटली की ही पोर टॉर्च धरून त्याच्याजवळ उभी राहायची आणि इतकी बोलायची, इतकी भांडायची की त्याने तिचंच नाव ठिणगी ठेवलं होतं. या खेपेला मात्र गप्प गप्प होती. संसारात पडल्या की पोरी शहाण्या होतात, असं तो समजला.

"हिला यातलं कळतं?" जावयाने विचारलं.

"छे," मुलगी घाईने म्हणाली. "लहानपणची सवय."

केबल घासून परत लावली. तरी व्हायचं तेच झालं. मग मिस्त्री म्हणाला, "डिझेल गोठलं असेल." मुलीने केटलीभर गरम पाणी आणलं, त्याने ते फिल्टरवर ओतलं. जावई मुकाट्याने हातावर हात चोळत उभा होता. त्याचं ते शहाण्यासारखं उभं राहणं मिस्त्रीला बघवेना. पुरे झालं, त्याने ठरवलं. पोरीला सुखाने जाऊ द्यावं.

"जावईबापू, बसा गाडीत. ठिणगी, अजून एक केटली आण."

दोघं पांगले. त्याने खिशातून रिले काढला आणि जागेवर दाबला.

"हीटर तापू द्या. हं, मारा सेल्फ!"

स्टार्टर घुरघुरला. घुरघुरतच राहिला.

मिस्त्री चपापला. हात झटकून तो पहिल्यांदा गाडीच्या मागे गेला. सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा नव्हती. हीटर बंद असले तरी कच्च्या डिझेलचा पांढरा धूर निघायला हवा. सकाळपासून त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं. रोग ठाऊक असल्यावर नाडी कोण बघतो? धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही.

तो पुढे आला. पंपाकडे हात घातला. डिझेल सोडणाऱ्या झडपेची वायर जागेवर नव्हती. बोटांनी ती चाचपडत शोधली, वर ओढली, बघितली आणि तो तसाच वाकून राहिला.

"सापडलं का, बाबा?" जावयाने विचारलं.

मिस्त्रीने मान वर केली. मुलगी दारात उभी होती. केटली कलली होती, गरम पाणी तिच्या पायाशी सांडत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं. ती बापाकडे बघत होती.

"पंप गेलाय," मिस्त्री म्हणाला. या खेपेला खोटं बोलताना त्याचा आवाज कापला नाही. "गाडी इथेच राहील. तुम्ही बसने पुढे व्हा."

"मग आम्ही दोघं बसनेच—"

"पोर इथे राहील. तिचा फोन द्या इकडे."

त्याने गळ्यातला मफलर काढून जावयाच्या हातात दिला. बॉनेट खाली ओढलं आणि दोन्ही हातांनी रेटून नीट लावलं. रिलेची लाज केव्हाच मागे पडली होती. पोर इतके दिवस डोळ्यांसमोर होती आणि आपण एका शब्दाने विचारलं नाही, या लाजेने त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आत पंपाची वायर तशीच सुटलेली होती, आणि तिच्या टोकाला निळ्या शालीची फाडलेली पट्टी गुंडाळून घट्ट गाठ मारलेली होती.