दुसरी शोधक

“दुर्बीण मी लावली होती. फोटो मी काढले. हिनं दुसऱ्या दिवशी आरामात बसून ठिपका हेरला, एवढंच,” ताई वेधशाळेच्या संचालकांना म्हणाली. धाकटी बहीण शेजारच्याच खुर्चीत होती, पण ताईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

ठिपका म्हणजे एक लघुग्रह. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड फिरत असतात. हा आजवर कुणाला दिसला नव्हता, तो धाकटीला दिसला. काही वर्षांच्या मोजमापांनंतर त्याची कक्षा पक्की झाली, त्याला क्रमांक मिळाला आणि नाव सुचवायचा मान धाकटीकडे गेला. तेव्हापासून ताईच्या पोटात दुखत होतं. वेधशाळेत आधी आली ती ताई. धाकटीला बोट धरून आणलं, दुर्बिणीला डोळा लावायला शिकवलं तेही ताईनंच. आणि एवढं आयुष्य आकाश धुंडाळून ताईच्या हाती काय लागलं, तर दुसऱ्यांनी आधीच शोधलेले दगड.

आता चहाच्या टेबलावर जो तो धाकटीला विचारी, नाव काय दिलंस? धाकटी नुसती हसे. नावं ठरवणाऱ्या समितीनं मंजूर करेपर्यंत नाव फोडायचं नसतं. तिचं ते हसू ताईला मिरचीसारखं झोंबे. नवऱ्याचं दिलं असेल, नाहीतर सासऱ्यांचं, असं ती मनाशी धरून बसली होती.

संचालक भांडणाला भिणारे गृहस्थ, त्यातून भांडण बहिणी-बहिणींचं. त्यांनी आशेनं धाकटीकडे पाहिलं.

“ताई, थोडी कळ काढ,” धाकटी म्हणाली. “नाव जाहीर होऊ दे, मग बोलू.”

“म्हणजे सगळं तुझ्या पदरात पडल्यावर?”

धाकटी संचालकांकडे वळली. “ताईलाही शोधक म्हणून कळवा,” ती म्हणाली. त्याच दुपारी संचालकांनी समितीला कळवून टाकलं, की शोधक दोघी आहेत. ताईनं सगळ्यांना चहा पाजला, धाकटीलासुद्धा. तिचा बहिणीवर राग असा नव्हताच. आत नुसतं जळत होतं, ते आता विझलं.

महिनाभरानं संचालकांनी दारातून डोकं आत घातलं. समितीनं नाव परत पाठवलं होतं. शोधकाला स्वतःचं नाव देता येत नाही, तेव्हा दुसरं सुचवा, असा निरोप होता. एवढं सांगून ते सटकले.

ताईला हसू आवरेना. हा नियम ती नव्या मुलांना पहिल्याच तासाला सांगायची. धाकटीलाही तिनंच सांगितला होता.

“स्वतःचंच नाव दिलंस होय गं? आणि मी समजत होते, नवऱ्याचं दिलं असशील.”

धाकटीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“माझं नव्हतं, ताई,” ती म्हणाली. “तुझं होतं.”