गाळाचा बांध

धाकट्यानं बाटली आधी बाहेरून शर्टाला पुसली. मग उन्हात धरली. मळ बाहेर नव्हता, आत होता.

त्यानं बाटली ओतली, विसळली आणि बांधाच्या पायथ्याशी जिथून पाणी झिरपत होतं तिथं पुन्हा लावली. पुन्हा तेच. मातीचा बांध म्हटला की थोडं झिरपणारच, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण बांध बघायला आलेल्या इंजिनिअरबाई जाताना बजावून गेल्या होत्या, "नितळ येतंय तोवर बिनघोर राहा. गढूळ यायला लागलं, तर बांध आतून पोखरतोय समजा. तेव्हा मला फोन करत बसू नका, आधी खालची माणसं हलवा."

खालची माणसं खालीच होती. वाळू धुण्याच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती, पत्र्याखाली डबे उघडले होते. शेजारच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये वहिनी होती, आणि शाळेला सुट्टी म्हणून आलेली पुतणी चिमी. वाळू धुतलेलं पाणी पंपानं वर तळ्यात चढवायचं, गाळ तळाशी बसला की नितळ पाणी परत खाली आणायचं, असा दोघा भावांचा कारभार. तळं म्हणजे या सगळ्यांच्या डोक्यावर ठेवलेली घागरच. आठवडाभर लागून राहिलेला पाऊस आज उघडला होता आणि घागर काठोकाठ भरली होती.

धाकटा धापा टाकत वर चढला. बांधाच्या माथ्यावर दादा कमरेवर हात ठेवून उभा होता. बांध त्याचा भारी लाडका. दरवर्षी तळ्यातला गाळ उपसायचा, आणि वाहून टाकायचा खर्च नको म्हणून तोच बांधावर थापायचा. वरून फावड्यानं असा गुळगुळीत करायचा की बघत राहावं. बांध उंच व्हायचा, तळं मोठं व्हायचं आणि दादा खूश व्हायचा. "घरचा माल घरातच जिरला," म्हणायचा. चिकणमाती आणा, थराथरानं धुमसून बसवा, हे बाईंचं सांगणं त्यानं या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडून दिलं. गाळ भिजला की त्याचा पुन्हा गाळच होणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण दादाला सांगणार कोण?

"दादा, हे बघ."

दादानं बाटली उन्हात धरली. जरा वेळ धरूनच ठेवली. "मग? पाऊस पडलाय. सगळीकडंच गढूळ आहे. तुला काय प्यायचंय का ते?"

"पंप बंद करू. माणसं वर बोलावू."

"आणि सांगणार काय? आमचा बांध फुटतोय, पळा? उद्यापासून एक माणूस फिरकणार नाही इथं. उगाच बोंबाबोंब करू नकोस. अरे, मी बांधलाय हा!"

म्हणूनच तर भीती वाटते, हे धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. पाण्याची भीती जास्त की दादाची, हे त्याचं त्यालाच कळेना.

दादानं बाटली परत दिली, चार पावलं पलीकडं गेला, पाठमोरा झाला आणि फोन कानाला लावला.

"अगं, मी बोलतोय. चिमीला घेऊन जरा वर ये... काही नाही गं, सहज. ऊन छान पडलंय... छे, बाकी कुणाला कशाला? जेवू दे त्यांना. तुम्ही दोघीच या."

म्हणजे दादाला कळलंय. बाटली उन्हात धरली तेव्हाच कळलंय. आणि खाली तो मशीनवाला, रोज आपल्या डब्यातला घास धाकट्यासाठी काढून ठेवणारा, आताही ठेवत असेल. धाकट्यानं बाटली फेकली आणि धावत सुटला. दादानं मागून हाक मारली. ती त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकली नाही.

अर्ध्या वाटेवर वहिनी समोरून येताना दिसली. चिमीचा हात घट्ट धरलेला, आणि मागं अख्खी शेड. कुणाच्या हातात उघडा डबा, कुणाचे हात नुसतेच खरकटे.

"भाऊजी, खाली कुणी नाही. पंप बंद केलाय. फिरा मागं, टेकाडावर चला," ती म्हणाली, आणि मान वर करून ओरडली, "अहो, आधी त्या बांधावरून उतरा!"

दादा उतरला. सगळे कसेबसे बाजूच्या टेकाडावर पोचले, तोच बांधाच्या पोटातून मातीचा एक थोरला लपका सुटला. त्याच्यामागून पाणी आलं. शेडचे पत्रे कागदासारखे दुमडले. केबिनची खिडकी जरा वेळ दिसत होती, मग तीही दिसेना. चिमी वहिनीच्या पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली.

"तुला... तुला कुणी सांगितलं?" दादानं विचारलं.

"तुम्हीच," वहिनी म्हणाली. "‘दोघीच या’ म्हणालात ना, तेव्हाच कळलं."

ती हळू बोलली नव्हती. सगळ्यांनी ऐकलं. सगळे दादाकडं बघत होते. दादा मात्र बोट एकेकाकडं नेत माणसं मोजत होता, मध्येच चुकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.