स्टार्टरचं पेडल

वडिलांचा उजवा पाय दोन बोटं आखूड होता. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या गाडीतल्या, पायाने दाबायच्या स्टार्टरच्या सळईला बाक देऊन पेडल दोन बोटं वर घेतलं होतं. मुलाला त्यांनी त्या गाडीला कधी हात लावू दिला नाही. "तुझ्या हातून एक काम धड होत नाही," हे मात्र रोज ऐकवलं.

ते गेल्यावर मुलाने गाडी नव्यासारखी करायला घेतली. सगळ्यात आधी ती सळई ठोकून सरळ केली. पेडल खाली बसलं.

सकाळी पाहतो तर सळई पुन्हा वाकलेली, पेडल दोन बोटं वर.

"तूच नीट ठोकली नसशील," आई म्हणाली. सूरही वडिलांचाच.

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी तो इरेला पेटला. अंगठ्याएवढी जाड, नवी सळई वेल्डिंग करून बसवली, सीटवर बसून पेडल पायाने दाबून पाहिलं, गॅरेजला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली ठेवली.

"आता वाकवा म्हणावं!"

सकाळी सळई सरळच होती. पेडल जागच्या जागी होतं. म्हातारा हरला एकदाचा, असं पुटपुटत तो सीटवर बसला आणि पेडल दाबायला त्याने उजवा पाय लांब केला.

पाय पोचला नाही. दोन बोटं कमी पडला.