सवतीचा टाक

"हे त्यांची शेरवानी, ताई. याच्यावर मॅच झाला पायजे माहा मेकअप," असं म्हणत मनालीनं मोबाइल आरशासमोर ठेवला, आणि पुष्पांजलीच्या हातातला ब्रश थांबला.

शेरवानीतला माणूस हर्षल होता. पुष्पांजलीचा नवरा.

काडीमोड नाही, कुठला कागद नाही. सहा वर्षांपूर्वी काविळीनं पिवळ्या पडलेल्या बायकोला त्यानं जानेफळला माहेरी आणून सोडलं, तो पुन्हा न्यायला आलाच नाही. तिचे वडील दोनदा सुलतानपूरला तिच्या सासरी जाऊन आले. सासूनं दार उघडलं नाही. पुढं पुष्पांजली बरी झाली, कोर्स केला, बुलढाण्यात स्वतःच्या नावाचं पार्लर टाकलं. फोटोतला हर्षल थोडा सुटला होता, एवढंच.

मनाली धाड गावची, शेतकऱ्याघरची मोकळी पोरगी. मुलगा बिजवर आहे, पण वय फार नाही, असं ती सांगत होती. पहिली बायको माहेरी काविळीनं वारली बिचारी.

"लय सोसलं म्हणजे त्यांनी," पुष्पांजली म्हणाली आणि तिनं तारखा लिहून घेतल्या.

त्याच दुपारी शटर ओढून ती वकिलाकडं गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, की आत्ता काही बोलू नका. लग्न आधीच मोडलं तर तो नुसता हात झटकून मोकळा होईल. सप्तपदी होऊ द्या, मग पहिली बायको असताना दुसरं लग्न केल्याच्या गुन्ह्यातून त्याला सुटका नाही.

त्या दिवसापासून पुष्पांजलीला झोप चांगली लागायला लागली. मनालीच्या मेकअपचं नियोजन तिनं असं केलं, जसं कुणाचंच केलं नव्हतं. मेहंदीला हलका, हळदीला नुसतं काजळ आणि फुलांचे दागिने, सीमांतपूजनाला गुलाबी, लग्नाला घामानं न उतरणारा बेस. टिकली जरा खाली, म्हणजे मुंडावळ्यांखाली झाकणार नाही. सप्तपदीचा व्हिडिओ पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत घ्यायला लावा, असं तिनं दोनदा बजावलं. ताई किती काळजी करतात, असं मनाली घरी सांगायची. या पोरीचं पुढं काय, हा विचार पुष्पांजलीच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिनं तो बाजूला सारला. तिच्या वेळी कुणी तिचा विचार केला होता?

लग्नाच्या दिवशी दुपारी धाडला, मनालीच्या खोलीत, बेस झाला, डोळे झाले, मुंडावळ्या बांधल्या. तेव्हा मनालीनं बटव्यातून काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक काढून पुष्पांजलीच्या हातात दिला.

"ताई, मंगळसूत्राच्या आधी हा घालाचा हाय. सवतीचा."

मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावानं असा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात, म्हणजे मेलेली संसाराला आडवी येत नाही. सासूनं तो मुद्दाम करून पाठवला होता. मनालीनं त्या मेलेल्या बाईचं नाव विचारलं, तर सासू म्हणाली, नाव घेऊ नये, घेतलं की ती येते. तरी मनाली आठ दिवसांपासून त्या बाईच्या नावानं रोज पहिला घास काढून ठेवत होती. त्या बाईची जागा आपण घेतो आहोत, असं तिच्या मनाला लागलं होतं.

"नाव तरी माहीत पायजे होतं मले," ती म्हणाली. "माफी मांगाले."

पुष्पांजलीच्या तळहातावर तिचं स्वतःचं मरण होतं, दोन ग्रॅम चांदीचं. ते घालून, दोरा मागं नीट बांधून, चारपाच तास गप्प बसणं, एवढंच काम उरलं होतं. तिनं बोटं उघडी तशीच ठेवली.

"पुष्पांजली," ती म्हणाली.

"काय?"

"नाव विचारलं ना तू. माहंच हाय ते."

मग तिनं मोबाइलमधला आपल्या लग्नाचा फोटो पुढं केला. मनालीनं तो बराच वेळ पाहिला. रडली नाही. उठून वडिलांना आत बोलावलं आणि दार लावलं. शंकररावांनी सगळं ऐकलं आणि कोपऱ्यातली काठीच उचलली. वरात वेशीवरूनच परत लावतो म्हणाले. मनाली दारात आडवी उभी राहिली.

"आता मोडलं तं गाव म्हणन, पोरीतच खोट हाय. येऊ द्या, बाबा. बोहल्यावर चढू द्या त्याले." मग ती खुर्चीवर परत बसली. "ताई, माहा मेकअप पुरा करा. मंग तुमचा करा."

सप्तपदीच होणार नव्हती, म्हणजे वकिलाची केस आता उभी राहणार नव्हती. पुष्पांजलीला ते ठाऊक होतं. तिनं मनालीच्या ओठांना रंग लावला.

सहाच्या मुहूर्तावर मंगलाष्टकं झाली. अंतरपाट निघाला. हर्षल हार घेऊन पुढं झाला आणि हार तसाच हातात राहिला. मनालीच्या मागं, करवलीच्या जागी, तिच्याच बस्त्यातला हिरवा शालू नेसून पुष्पांजली उभी होती. मुलाच्या पाठीशी उभी असलेली सासू मटकन खाली बसली. वाजंत्री वाजायला लागली होती, ती कुणीतरी हातानं थांबवली.

शंकरराव बोहल्यावर आले. त्यांचा आवाज चढला नव्हता. भटजींच्या हातातला माईक घेऊन त्यांनी तो हर्षलच्या तोंडासमोर धरला.

"हे बाई कोण हाय, जावईबुवा? पावण्यायले सांगा."

हर्षलनं आईकडं पाहिलं. ती मान वर करीना. समोर तीनशे माणसं उरलेल्या अक्षता मुठीत तशाच धरून बसली होती. पुष्पांजलीनं सहा वर्षं जे बोलायचं म्हणून घोकलं होतं, त्यातलं एक अक्षरही तिला वापरावं लागलं नाही.

मंडपाच्या चारही भोंग्यांतून, पार एसटी स्टँडपर्यंत त्याचा आवाज गेला, "माही बायको."