एकटा सारस

उद्या नातीला लग्नात द्यायची गोधडी मनकर्णाबाईनं सारसाच्या जोडीचा फोटो पाहून शिवली. तलाव, धानाची बांधी सगळं साधलं, पण राखाडी कापड संपलं आणि जोडीतला एकच सारस झाला.

"नवरीले एकटा सारस कायले देऊन राहिली वो? अपशकुन होते," नवरा केवळराम म्हणाला.

"मंग तुमचा राखाडी स्वेटर द्या फाडाले."

"अन् मी थंडीनं मरू?" म्हणत तो तीच गोधडी ओढून दुपारचा खाटेवर आडवा झाला. लगेच घोरू लागला.

बाहेर बांधीतून सारसाची लांब हाक आली. घोरणं थांबलं. गोधडीखालून तशीच हाक गेली.

"पुरे झाली नाटकं!" मनकर्णाबाईनं गोधडी खेचली.

खाट रिकामी होती. गोधडीवर सारसाची जोडी होती, आणि त्यातला दुसरा घोरत होता.